झाडलेल्या कापसाची उशी

या, असे जवळ सरका. दार लोटून घ्या, वारा येतोय. पाय मोकळे करून बसा आणि मनातली गडबड थोडा वेळ बाहेर चपलांपाशी राहू द्या. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. गोष्ट एका यंत्राची आहे, एका उशीची आहे, आणि माया करता करता माणसाचा हात कसा चुकतो त्याची आहे.

एक गादीवाला होता. घराचा पुढचा भाग दुकान, मागचा भाग संसार, आणि दोन्हींच्या मध्ये एक पडदा. पडदा आपला नावाला. पुढे पिंजण यंत्र घरघरू लागलं की कापसाचा भुरका पडद्याला न जुमानता मागे जायचा. भांड्यांवर बसायचा, देवाच्या तसबिरीवर बसायचा, झाकण राहिलं तर दुधावरही बसायचा. गादीवाल्याच्या भुवयांवर तर त्याचा कायमचा मुक्काम. त्यामुळे ऐन तिशीत लोक त्याला म्हातारबा म्हणू लागले. पुढे खरंच केस पिकले, तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

म्हातारबा भरायचा आणि बायको टाके घालायची. टाके घालताना ती देवाची गाणी म्हणायची. एका दमात अख्खं कडवं! सुई आणि सूर बरोबरीने चालायचे. गादी न्यायला आलेलं गिऱ्हाईक घाईत असलं तरी गाणं संपेपर्यंत उंबऱ्याशी थांबायचं.

या घराची एक रीत होती, म्हातारबाच्या वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाइकाला पहिला कापूस, घराला झाडलेला. संध्याकाळी जमिनीवर सांडलेला कापूस झाडून गोळा करायचा, चाळायचा, उन्हात काठीने बडवायचा, आणि मग घरच्या गाद्या-उशांत भरायचा. "कापसाला कचरा म्हणेल त्याची जीभ झडो," असं वडील म्हणायचे. म्हातारबाने ते वाक्य गाठीशी बांधलं होतं. त्याच्या हातून कुणा गिऱ्हाइकाच्या उशाला कधी दुय्यम माल गेला नाही, आणि त्याच्या घरात कुणी कधी पहिल्या कापसावर डोकं टेकलं नाही.

मग बायकोचा दम कमी पडू लागला. आधी कडव्याच्या शेवटच्या ओळीवर, पुढे पहिल्याच ओळीवर. एक दिवस तिने सुई खाली ठेवली आणि पडदा मुठीत धरून उभी राहिली. तोंड उघडं, पण आत काही जाईना.

तिची धाकटी बहीण जवळच राहायची. जिभेला धार, पण काळीज लोण्याचं. तिने बहिणीला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागोमाग म्हातारबा.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली. "घरात काय करता?"

"गाद्या," म्हातारबा म्हणाला.

"यांच्या छातीतही भरल्यात तुम्ही एकदोन." त्या हसल्या नाहीत. "हे पिंजण घरातून हलवा."

"हलवतो. पण जागा बघायला हवी, वेळ लागेल."

"मग तोवर निदान झाडू बंद करा. झाडूने धूळ जाते कुठे? नुसती उठते आणि पुन्हा बसते. ओढून घेणारं यंत्र आणा, व्हॅक्यूम क्लीनर. रोज फिरवा."

मेहुणीने बाहेर येताच सुनावलं, "ऐकलंत ना भावोजी? का कानातही कापूस आहे?"

दुसऱ्याच दिवशी म्हातारबा विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेला. नव्या पिंजणाचा विचार बरेच दिवस मनात होता. तो त्याने मनातच गुंडाळून ठेवला, त्याचे पैसे या यंत्राला. दुकानाच्या दर्शनी भागात एक उभं यंत्र ठेवलेलं होतं, दांड्याला लाल फीत बांधलेली.

"नुकतंच बाजारात आलंय, काका," विक्रेता म्हणाला. "आधीची यंत्रं कुत्र्यासारखी मागून फरफटत न्यावी लागायची. हे बघा, उभं राहतं आणि उभ्यानेच चालतं. काकूंना वाकायला नको."

त्याने मूठभर राख जमिनीवर टाकली आणि यंत्र फिरवलं. राख गेली. कुठे गेली तेही दिसलं: पोटाशी काचेसारखं स्वच्छ भांडं होतं, त्यात ती गरगर फिरत होती.

"भरलं की हे बटण दाबायचं. खालचं झाकण उघडतं, कचरा थेट डब्यात. हात लावायचं काम नाही."

म्हातारबाने मान डोलावली. बटण त्याच्या लक्षात राहिलं, झाकण लक्षात राहिलं. कचरा हा शब्द मात्र त्याने आपल्या घरासाठी ऐकलाच नाही.

यंत्र घरी आलं आणि दोघं त्याच्याभोवती नव्या पाहुण्याभोवती बसावं तशी बसली. बायकोने दांडा धरला, बटण दाबलं आणि दचकून सोडला. मग हसली. मग पुन्हा धरला.

"अहो, हे तर ओढत नेतंय मला!"

"जा मग. इतक्या वर्षांत मी कुठे नेलं नाही, ते तरी नेईल."

ती खाटेखाली गेली, कपाटामागे गेली, पडद्यापार जाऊन पिंजणाच्या पायाशी गेली. कोपऱ्यातला किती जुना भुरका त्या भांड्यात येऊन नाचू लागला. ती रोज सकाळी यंत्र फिरवायची. आणि खरं सांगतो, दम पुरू लागला. पंधरवड्यात ती पुन्हा एक ओळ पुरी म्हणू लागली. पुढच्या ओळीला थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "येईल. तीही येईल." म्हातारबा पडद्याआड कापूस भरता भरता ऐकायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे.

भांडं रिकामं करायचं काम त्याचं. पहिल्या दिवशी त्याने ते वर्तमानपत्रावर उघडलं आणि बघतच राहिला. राखाडी-पांढरा, लुसलुशीत गोळा. त्याने अंगठा आणि बोटं यांच्यात चोळून पाहिला. जन्मभर कापूस हाताळला, पण इतका मऊ कधी लागला नव्हता. चाळायला जावं तर चाळणीतून खालीच उतरेल, इतका बारीक. बडवायला जावं तर उडूनच जाईल. म्हणजे याला चाळणी नको, काठी नको. यंत्रानेच सगळं करून दिलंय, असं त्याला वाटलं. हा टाकायचा? त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला.

त्याने एक पिशवी केली आणि रोजचा गोळा तिच्यात साठवू लागला. बायकोला सांगितलं नाही. पिशवी फुगली तेव्हा त्याने एक पातळ, गुळगुळीत कापड आणलं, खोळ शिवली, गच्च भरली आणि कडेने दुहेरी टाका घातला. संध्याकाळी ती उशी तिच्या खाटेवर ठेवली.

तिने डोकं टेकलं. "अगं बाई! हे काय भरलंय? डोकं ठेवलंय का ढगावर, कळतच नाही."

"आहे आमची करामत," म्हातारबा म्हणाला आणि लाजून दुकानात गेला.

त्यानंतर तिच्या रात्री बिघडल्या. सकाळी उठायची ती घामेजलेली, ओठ निळसर. एक ओळ जमत होती ती गेली. मग गाणंच गेलं. औषधं बदलली, वाफारे झाले. यंत्र आता म्हातारबा स्वतः फिरवायचा, दोनदा, तीनदा. तिचा श्वास बिघडत चालला तशी आणखी जोराने. भांडं पुन्हापुन्हा भरत होतं आणि उशी दबली की तो टाके उसवून तिच्यात नवी भर घालत होता.

"या भुतानेच केलंय," मेहुणी यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली. "धूळ ओढतंय म्हणता, ताईची हवाच ओढून घेतंय ते. परत करा. नाहीतर मी नेऊन आपटते रस्त्यावर."

म्हातारबालाही तेच पटलं. माणसाला दोष ठेवायला काहीतरी लागतं, आणि यंत्र काही उलटून बोलत नाही. त्याने ते खांद्यावर घेतलं आणि तडक दुकान गाठलं.

"खराब माल विकता! माझी बायको मरायला टेकली!"

दुकानातली माणसं वळून पाहू लागली. विक्रेत्याने वाद घातला नाही. यंत्र उघडलं, गाळणी काढून उजेडात धरली, सुरू करून पाहिलं. "काका, यंत्र ठणठणीत आहे. उलट असं निगुतीने वापरलेलं मी पाहिलं नाही. बरं, भांडं रिकामं करताना धूळ उडते का घरात? कचरा कुठे टाकता?"

"टाकतो?" म्हातारबाची मान ताठ झाली. "आमच्या घरात कापूस टाकत नाहीत. त्याची उशी केली तिला. स्वतःच्या हाताने."

विक्रेत्याने यंत्र बाजूला ठेवलं. मग खाली मान घालून हळूच म्हणाला, "काका, तो कापूस नव्हता हो. काकूंपासून दूर ठेवायची ती सगळी धूळ होती."

म्हातारबा यंत्र पुन्हा खांद्यावर टाकून धावला. वाटेत दोनदा थांबला, कारण त्याचाच श्वास लागला. घरी ती कुशीवर निजली होती, गाल उशीत रुतलेला. त्याने तिचं डोकं एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने उशी ओढून काढली, दोन्ही हातांत जपून बाहेर अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. मग येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मेहुणी दारात उभी होती.

"अहो," बायको म्हणाली. शब्दाशब्दाला थांबत होती. "इतकी वर्षं... लोकांच्या उशाला पहिला कापूस. एकदा... मला गिऱ्हाईक समजायचं होतंत."

म्हातारबाने तिच्या पावलांवर कपाळ टेकलं. तिने पाय मागे घेतले नाहीत.

तेव्हा कुठे पिंजण हललं. आठवड्याच्या आत म्हातारबाने ते उचलून दुसरीकडे नेलं, मिळेल त्या जागेत. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यांच्या उशाला कापूसच नको, पहिला नको आणि दुसराही नको. मग ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या उशा भरल्या, तो म्हातारबा परक्या दुकानात गेला, फोमची उशी मागितली, आणि गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" त्याने उशी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाला, "बायकोसाठी."

त्या उशीवर ती एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिली. पुढे पावसाच्या दिवसांत, एका सकाळी, शांतपणे गेली. म्हातारबाने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फुप्फुसं आधीच खराब होती. त्या उशीमुळे गेल्या असं मी म्हणणार नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "नाही असंही म्हणणार नाही. खोटं कसं सांगू?" त्याने नमस्कार केला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

अजून तो रोज सकाळी ते उभं यंत्र फिरवतो. घरात आता कापसाचा तंतू नाही, भांड्यात चिमूटभरही जमत नाही. मेहुणी जेवण घेऊन येते, म्हणते, "भावोजी, काय ओढताय हो?" तो म्हणतो, "तिचं काम आहे, राहायला नको."

ती देवाघरी पोचली. तिथे श्वासाची ददात नाही, तिची काळजी नको. मागे जो राहिला त्याचं काय? जाणूनबुजून वाईट करणाऱ्याला पश्चात्तापाची वाट तरी असते. मायेने चुकलेल्याने कुठल्या दाराशी उभं राहायचं? म्हणून एवढंच मागणं आहे. आज हात जोडाल, आपल्या लेकराबाळांचं मागणं मागून होईल, तेव्हा उठण्याआधी घटकाभर थांबा, आणि त्या म्हातारबाची आठवण करा.