जखमी पलीकडे

“टाळ्या कसल्या पिटताय? याला आधी पालथा करा!” उस्ताद ओरडला.

स्ट्रेचरवरच्या वाळू भरलेल्या पुतळ्याला लष्करी प्रशिक्षणातले सगळे ‘जखमी’ म्हणत. पाण्याने भरलेला चर, वर दोन फळ्या आणि शिट्टी वाजायच्या आत जखमी पलीकडे. अधिकारी व्हायचं तर ही परीक्षा द्यावीच लागे. तुफान म्हणवणाऱ्या पोराने आपली तुकडी घेऊन जखमी वेळेत नेला की! फक्त गळ्याजवळचा पट्टा बांधायला वेळ कुणाला होता? जखमीचं डोकं लोंबकळत अर्धा चर पाण्याखालून गेलं.

उस्तादने पुतळा उलटा केला. बदाबदा पाणी गळलं.

“मेला हा, साहेब. कधीच मेला.”

“वेळेत पोचला ना?” परीक्षा घेणारे मेजरसाहेब हसले. “कामगिरी फत्ते. पास!”

आणि ती पोरगी, जिला सगळे गोगलगाय म्हणून चिडवायचे, ती नापास. फळीवर मधेच थांबून तिने पट्टा पुन्हा आवळला होता, जखमीची मान हातावर पेलली होती. काठ जरासा राहिला आणि शिट्टी वाजली. तिची ही शेवटची संधी होती. आता ट्रंक भरायची आणि घर गाठायचं.

उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडायचं, आधी माणूस बांधा, मग उचला. आणि शाबासकी कुणाला, तर बुडवणाऱ्याला! डोंबलाची कामगिरी!

पुतळा बाजूला सारून तो स्वतःच स्ट्रेचरवर आडवा झाला.

“उचल रे तुफान. मघाशी नेलंस ना, तसंच ने मला.”

तुफानचा चेहरा खाड्कन उतरला. तो वाकून गळ्याजवळचा पट्टा चाचपू लागला.

“आत्ता बरा आठवला! हो बाजूला. गोगलगाय, ये गं इकडे. डोक्याकडे तू.”

“उस्ताद, मी नापास आहे.”

“मला विचारलंय का कुणी? धर.”

तिने पट्टा ओढून पाहिला. मग तिची तुकडी हळूहळू निघाली. मधे फळी वाकली, उस्तादचे बूट भिजले. पलीकडे स्ट्रेचर टेकलं तरी तिचा हात त्याच्या मानेखालीच होता.

उस्तादने उठून डोक्यावरची टोपी साहेबांपुढे धरली.

“कोरडी आहे, साहेब.”

“निकाल लागलाय, उस्ताद,” म्हणत साहेब पाठ फिरवून निघून गेले.

पोरीने तुफानच्या वेळी भिजलेला पट्टा पिळून नीट गुंडाळला, जागेवर ठेवला आणि ती ट्रंक भरायला गेली.