कचऱ्यात ठेवलेली मापं

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला स्वस्थ बसता येत नाही. माझा जन्मच मुळी गरगर फिरण्यासाठी झाला. पोटात चकचकीत चकत्या, त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून धावणारी एक बारीक सुई, आणि मिनिटाला हजारो फेऱ्या. सध्या मात्र मी थांबलेली आहे, म्हणून तर तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड मिळाली.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे धुळीचा एक कण दिसला तरी काम थांबायचं. मला जोडणाऱ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायच्या. त्यांचे नुसते डोळे मला दिसले. आणि नशीब बघा, एवढ्या सोवळ्यातून निघून मी येऊन पडले कुठे, तर एका शिवणाच्या दुकानात. तिथे दिवसभर दोऱ्यांची कुसं हवेत तरंगायची. कापायच्या मोठ्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता आणि त्या डब्यात मी.

दुकान ताईंचं. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईंच्या गळ्यातली मापाची फीत जेवतानासुद्धा उतरत नसे. त्यांच्याकडे येणारी माणसं वेगळी होती. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचा एक पाय आखूड, कुणी मोठ्या आजारातून उठलेलं आणि अंगाने निम्मं झालेलं. तयार कपड्यांच्या दुकानांत या माणसांसाठी काहीच नसायचं.

माप देणं म्हणजे काय असतं, ते मी त्या टेबलाखाली बसून शिकले. माणूस आरशासमोर उभा राहतो आणि त्याचं जे काही वाकडंतिकडं आहे ते आकड्यांत निघतं. ताई आकडे कधी मोठ्याने म्हणत नसत. माप झालं की म्हणायच्या, "झालं. आता पुन्हा तुम्हाला कधी फीत लावणार नाही. माझा शब्द." पुढे दरवर्षी अंगात काय फरक पडला तो त्या नुसत्या नजरेने टिपायच्या.

ही मापं त्या कुणालाही दाखवत नसत. पूर्वी मापांची वही त्या चिंध्यांच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवायच्या. कपाटात लोक हात घालतात, चिंध्यांत कोण घालतंय, असा त्यांचा हिशेब. मग कॉम्प्युटर आला. भावाने पडद्यावरची छोटी कचरापेटी दाखवली आणि म्हणाला, "ताई, नको असेल ते यात टाकायचं." ताईंना ते लगेच पटलं. ही तर चिंध्यांची पिशवीच. त्या दिवसापासून एकसष्ट माणसांची मापं, ताईंनी माउस धरून काढलेल्या आकृत्यांसकट, त्या कचरापेटीत राहू लागली. काम निघालं की बाहेर काढायची, झालं की परत आत.

भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण ही गोष्ट त्याला अकरा वर्षांत कळली नाही. ताईंनी सांगितली नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "बटण दाबलं की हजर," असं ताई गिऱ्हाइकांना सांगायच्या. पण वय कुणाला चुकलंय? माझ्या चकतीवर दोन-तीन ठिकाणी चट्टे पडले. ताई सकाळी बटण दाबायच्या, दुकान झाडायच्या, पाणी भरायच्या, आणि मी आपली अजून खडखडच करत असायची. एकदा एक बाई हसत म्हणाल्या, "अहो, बाळंतपणाला एवढा वेळ लागत नाही." सगळे हसले. मला फार लागलं ते.

शेवटी एका सोमवारी भाऊ नवी एसएसडी, म्हणजे माझ्या जागी बसणारी नव्या जातीची डिस्क, घेऊन आला. तळहाताएवढी, वजनाला बिस्किटासारखी. ना चकती, ना सुई, ना आवाज. मला तर घरात धाकटी जाऊ आल्यासारखं वाटलं. तिच्यात म्हणे हलणारं काहीच नाही. न हलता काम कसं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि माझ्याकडचं सगळं सामान मी जसंच्या तसं तिच्या हवाली करायचं, असं ठरलं होतं. माझी ना नव्हती. पण सामान हलवण्याआधी भाऊ स्वतःशीच म्हणाला, "नव्या घरी कचरा कशाला न्यायचा?" आणि त्याने कचरापेटी रिकामी केली.

ताई तेव्हा बटणं आणायला बाजारात गेल्या होत्या.

मित्रांनो, इथे माझा एक स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. मला पुसायला सांगितलं, तरी मी लगेच पुसत नाही. यादीतलं नाव तेवढं खोडते. मजकूर जिथल्या तिथे पडून राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. धाकटीचं तसं नाही. तिला सांगायचा अवकाश, ती साफ करून मोकळी होते. तर झालं असं, की यादीत होतं ते सगळं धाकटीकडे गेलं आणि ती एकसष्ट माणसं माझ्यापाशी राहिली. हे ताईंना माहीत नव्हतं, भावाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण माझी तार काढलेली होती.

"गुरुवारी येऊन नेतो हिला," भाऊ म्हणाला. "सगळी पुसून एका फोटोग्राफरला देतो. लग्नांचे व्हिडिओ ठेवायला चालेल." तोवर ताईंनी मला टेबलावर ठेवलं. कापायचे कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत, म्हणून वजन. मी आयुष्यभर फिरले, आणि आता दगडाचं काम करत होते. शेजारी टाचण्या उचलायचं लोहचुंबक पडलेलं असायचं. एवढ्याशा चुंबकाने माझं काही बिघडत नाही म्हणतात, पण ताईंचा हात तिकडे गेला की माझं सगळं लक्ष त्या हातावरच.

मंगळवारी ताईंनी कचरापेटी उघडली. ती रिकामी होती. त्यांनी बंद केली, पुन्हा उघडली. मग खुर्चीत बसून राहिल्या. आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असं त्यांना वाटलं, आणि भावाला विचारायची लाज वाटली.

पंचाईत अशी, की शनिवारी एक कोट द्यायचा होता. शाळेतल्या एका बाईंचा. त्यांच्या पाठीला बाक आहे. नऊ वर्षांपूर्वी, म्हणजे जुनी वही बंद झाल्यावर, पहिल्यांदा माप दिलं, तेव्हा त्या आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या आणि रडत होत्या. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ होता. कोट पहिल्यांदाच शिवायचा होता, आणि कोटाला अंगाचं माप लागतं, जुन्या कपड्यावरून भागत नाही.

बुधवारी त्या बाई अस्तराचं कापड घेऊन आल्या.

"हा रंग चालेल ना?" त्यांनी विचारलं. "आणि माप तुमच्याकडे आहेच."

ताईंचा हात गळ्यातल्या फितीकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी तो खाली, माझ्या पाठीवर टेकवला.

"आहे ना," ताई म्हणाल्या.

"बरं झालं. खरं सांगू? दुसरीकडे शिवायची वेळ आली असती, तर मी समारंभाला गेलेच नसते."

ताई खोटं बोलल्या होत्या, असं त्यांना वाटत होतं. ते खरं होतं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि ताईंचा तळहात माझ्या पाठीवर होता. मित्रांनो, एवढी तळमळ मी कधी सोसली नाही. एकदा फिरू द्या, एवढंच मला म्हणायचं होतं.

गुरुवारी दुपारी भाऊ आला. मला उचलून खांद्यावरच्या बॅगेत टाकलं. "काय ताई, पळतोय की नाही घोडा?" त्याने विचारलं. "अगं, त्या दिवशी तुझी कचरापेटीपण साफ करून दिली मी. किती वर्षांचा कचरा साठवला होतास."

ताई उठून उभ्या राहिल्या. "तू केलीस?"

"हो. कचराच होता तो."

"त्यात माझी मापं होती."

"कचऱ्यात मापं कोण ठेवतं, ताई?"

ताईंनी कोपऱ्यातली चिंध्यांची पिशवी ओढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातून जुनी वही काढून त्याच्यासमोर धरली. भावाने वही बघितली, पिशवी बघितली. लहानपणी या पिशवीवर बसून तो खेळला होता. तो म्हणाला, "मला एकदा सांगायचं तरी."

"कचऱ्यात काय ठेवलंय हे सांगितल्यावर ते तिथे ठेवून काय उपयोग?"

त्याने मला बॅगेतून काढलं, तार जोडली. "हिच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही अजून," तो हळू म्हणाला. "आज तशीच नेली असती ना, तर उद्या ही पुसून फोटोग्राफरकडे गेली असती."

मी फिरू लागले. काय सांगू ते सुख. पण काम सोपं नव्हतं. यादीत नावं नव्हती, त्यामुळे त्याचं ते शोधणारं सॉफ्टवेअर इंच इंच जागा चाचपत होतं. संध्याकाळपर्यंत साठ मापं आली. एकसष्टावं अडलं. ते नेमकं माझ्या चट्ट्याच्या कडेला होतं. बाईंचंच. सुई तिथे जायची, टक्कन मागे यायची. पुन्हा जायची.

ताई फितीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. भाऊ कपाळ पुसत माझ्यावर वाकला. "सावकाश, म्हातारे," तो म्हणाला. "घाई नाही." खरं तर घाई त्यालाच होती. तरी मला ते बरं वाटलं. सातव्या की आठव्या खेपेला सुई टेकली आणि पडद्यावर बाईंच्या पाठीची आकृती हळूहळू वरून खाली उमटली.

ताईंनी पडदा झटकन आपल्याकडे वळवला.

"आता तू बाहेर जा," त्या भावाला म्हणाल्या.

"अगं, मीच काढून दिलं ना?"

"म्हणून काय झालं? बाहेर जा."

तो गेला.

शनिवारी सकाळी बाईंनी कोट घातला. आरशासमोर आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. मग पाठ केली आणि मान वळवून खांद्यावरून स्वतःची पाठ पाहिली. बराच वेळ पाहत राहिल्या. मी टेबलावरच होते. त्यांच्या तोंडून फक्त "बसलाय," एवढं आलं, आणि ताईंनी टाचण्या आवरायला घेतल्या.

आता मापांना भावाने धाकटीकडे कुलूपबंद जागा करून दिली आहे. ताईंनी ती वापरायचं कबूल केलं आहे. त्याच दिवशी त्याने मला उचलायला हात पुढे केला. "ही आता कशालाच भरवशाची नाही, ताई. भंगारात टाकतो."

ताईंनी मला त्याच्या हाताखालून काढून घेतलं. कोटाच्या उरलेल्या अस्तरात गुंडाळलं आणि चिंध्यांच्या पिशवीत तळाशी, जुन्या वहीशेजारी ठेवलं.

"परत कचऱ्यात?" भाऊ म्हणाला.

"तुझ्या हातून वाचायला तीच एक जागा आहे."

तेव्हापासून मी इथे आहे. ऊब आहे, अंधार आहे, वहीची सोबत आहे, आणि ती एकसष्ट माणसं अजून माझ्या पोटात आहेत. तरीही कुणी पिशवीला हात लावला, की माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, जुनं टाकू नका असं मी म्हणत नाही. टाका. घरं काही गोदामं नव्हेत. फक्त टाकण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा, आणि विचारायला कुणी नसेल, तर पिशवीत तळापर्यंत हात घाला. वरवर सगळ्या चिंध्याच दिसतात.