सात दिवस हात न लागलेली फाइल

मी एकवीस ओळींचा सफाई कामगार बोलतोय. हातात झाडू नाही, कारण मला हातच नाहीत. मी एक प्रोग्रॅम आहे. एका शब्दकोश कार्यालयाच्या मोठ्या संगणकात राहतो आणि दर शुक्रवारी दुपारी, मंडळी चहाला उठली की, 'तात्पुरते' नावाचा फोल्डर साफ करतो.

माझा जन्म अडचणीतून झाला. अकरा वर्षांत कोश 'ट'पर्यंत आला होता, पण संगणकाची जागा तोवर काठोकाठ भरली. एके सकाळी 'टरबूज' हा शब्दच जतन होईना. संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी डबा खाता खाता मला लिहिलं. संस्कार एकच दिला: सात दिवसांत जिला कुणी हात लावला नाही ती फाइल पुसायची. जी ठेवली, ती कुणी जतन केली होती म्हणून ठेवली, ते नोंदवहीत लिहायचं.

पहिल्या दिवशी मी चक्रावलो. नावांवरून पाहता त्या फोल्डरमध्ये बारशाचे फोटो होते, पाच वर्षांपूर्वीच्या सभेचं आमंत्रण होतं, एकाच रजेच्या अर्जाच्या चौदा प्रती होत्या. माणसं टाकवत नाही आणि लागतही नाही ते सगळं 'तात्पुरतं' म्हणून ठेवतात. ताईंनी आधी सूचना पाठवली होती. सगळ्यांनी 'वाचली' असं कळवलं. वाचली एकट्या टंकलेखिका बाईंनी.

या बाई नऊ वर्षं हंगामी जागेवर होत्या. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच टाइप करून मुख्य संपादक साहेबांपुढे ठेवला होता. साहेब म्हणाले होते, "तात्पुरत्यात ठेवा बाई. सवडीने बघून सही करतो." साहेबांना सवड मिळेना. मग बाई दर सोमवारी ती फाइल उघडायच्या, जतन करायच्या. मी शुक्रवारी यायचो, हात लागलेला पाहायचो आणि पुढे जायचो. असं दोन वर्षं चाललं.

मग बाईंच्या आईचं पोटाचं ऑपरेशन निघालं. बाई बारा दिवस रजेवर गेल्या. दुसऱ्या शुक्रवारी मी ती फाइल पुसली. आत काय आहे ते मला वाचता येत नाही. मला फक्त फाइलींची नावं आणि तारखा कळतात.

बाई परतल्या आणि जागच्या जागी बसूनच राहिल्या. साहेबांना मात्र एकदम हुरूप आला.

"अहो बाई, मी या आठवड्यात सही करणारच होतो. पण त्या प्रोग्रॅमने घात केला. यंत्रापुढे आपलं काय चालतं?"

हेच वाक्य त्यांनी दोन दिवसांनी तपासणीला आलेल्या संचालिका मॅडमना ऐकवलं. मी भिंतीआडचं ऐकावं तसं ऐकत होतो. माझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पुसली मीच होती.

ताईंनी माझी नोंदवही छापून मॅडमच्या पुढ्यात ठेवली. मॅडमनी पानं उलटली.

"बाई, दर सोमवारी तुम्ही या फाइलमध्ये काय बदलत होतात?"

"एक मोकळी जागा घालायची मॅडम. पुढच्या सोमवारी काढायची."

"कशासाठी?"

"पुसली जाऊ नये म्हणून."

मॅडम साहेबांकडे वळल्या. "सर, यात तुमचं नाव कुठल्या पानावर आहे?"

साहेब चष्म्याची काच पुसू लागले.

"पुन्हा टाइप करायला किती वेळ लागेल, बाई?"

"दहा मिनिटं. पाठ आहे मला."

बाईंनी समोर कागद न ठेवता प्रस्ताव टाइप केला. मॅडम तिथेच बसून राहिल्या, त्यामुळे साहेबांना सवड मिळाली. सही झालेला कागद मॅडमनी स्वतःच्या पर्समध्ये घातला. दोन महिन्यांनी बाईंना कायम केल्याचा आदेश आला. त्या दिवशी त्यांनी ताईंना मिठी मारली. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि जावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

चौकशीत दोषी मात्र मीच ठरलो. साहेबांनी परिपत्रक काढलं: यापुढे प्रोग्रॅमने प्रत्येक फाइलमागे मालकाची परवानगी घ्यावी. तेव्हापासून मी रोज दारोदार विचारतो, 'ही फाइल काढून टाकू का?' खाली तीन बटणं आहेत: 'हो', 'नाही' आणि 'नंतर'. 'नाही' म्हणायलाही थोडा विचार करावा लागतो, म्हणून सगळे तिसरंच दाबतात.

बाई तेवढ्या माझा प्रश्न पूर्ण वाचून 'हो' नाहीतर 'नाही' म्हणतात. कोश आता 'ठ'वर आलाय. संगणकात तीन टक्के जागा उरली आहे. लोकहो, तुम्हालाही कुणी असं विचारत असेल, तर त्याला सरळ उत्तर द्या. आज सकाळी मी साहेबांना अकराशेव्यांदा विचारलं. त्यांनी 'नंतर' दाबलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "हल्ली हा संगणक फार हळू चालतो हो."