पंचविसावे नाव

ज्या कागदावर आपले नाव असावयास हवे होते आणि नाही, तो कागद माणसाने किती वेळा वाचावा, याला काही मर्यादा असेलच. परंतु छात्रसेनेच्या कार्यालयातील अभिलेख-कारकून बाईंना ती दोन वर्षांच्या नोकरीत सापडलेली नव्हती. नऊ वर्षांपूर्वीच्या वार्षिक शिबिराची ती हजेरी होती. दहा दिवस, चोवीस नावे, खाली शिबिराधिकाऱ्याची सही. बाईंची उंची पाच फूट साडेआठ इंच असल्यामुळे कॉलेजात त्यांना शिडी म्हणत, आणि त्या नोकरीवर रुजू झाल्या तेव्हा हे नाव त्यांच्या आधीच कार्यालयात पोचलेले होते.

छात्रसेनेच्या वरच्या दर्जाच्या प्रमाणपत्राला पात्रता लागते, आणि ती मोजकी असली तरी कडक असते. दोन वर्षे कवायतीला किमान पाऊणपट हजेरी, एक संपूर्ण शिबिर, आणि मग परीक्षा. हे प्रमाणपत्र हाती असले की सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्याला लेखी परीक्षा माफ होते आणि तो थेट मुलाखतीला जातो. इतर सरकारी भरतीत जादा गुण मिळतात ते निराळेच. शिडीने दोन वर्षांत एकही कवायत चुकवली नव्हती. अंगात ताप असताना ती मैदानावर आली होती आणि "विश्राम"चा हुकूम मिळेपर्यंत कोसळली नव्हती. परंतु परीक्षेचा अर्ज भरण्याच्या दिवशी शिबिराधिकाऱ्यांनी यादीवरून बोट फिरवले आणि मान हलवली. ते कॉलेजात भूगोल शिकवीत आणि कवायतीच्या दिवशी गणवेश चढवीत. मुले त्यांना मागून 'नकाशा' म्हणत.

"शिबिराला तू नव्हतीस."

"सर, मी पहिल्या रांगेत उजव्या टोकाला उभी होते! दहाच्या दहा दिवस!"

"मैदानावर असशील. कागदावर नाहीस. आणि परीक्षा कागदाची असते, पोरी."

तिच्या जागी, पहिल्या क्रमांकावर, सरांच्या भाचीचे नाव होते. भाची ते दहाही दिवस काविळीने अंथरुणाला खिळलेली होती, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. शिडीने वर तक्रार केली. उत्तर दोन ओळींचे आले: शिबिरातील उपस्थितीबाबत शिबिराधिकाऱ्याचे लेखी विधान तेवढेच ग्राह्य धरले जाते. मग ती दोनदा सैन्याच्या लेखी परीक्षेला बसली, दोन्ही वेळा थोडक्या गुणांनी राहिली, आणि पंचविसावे वर्ष ओलांडताच ते दार कायमचे बंद झाले. त्याच वर्षी तिने या कार्यालयातील जागेसाठी अर्ज केला.

"बाहेर चांगल्या नोकऱ्या सोडून त्या धुळीत काय शोधतेस गं?" आई विचारी.

"एक सही, आई."

आईला वाटे, पोरगी थट्टा करते आहे.

तुरुंग खात्याचे पत्र आले ते सोमवारी. लिपिक पदासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला छात्रसेनेच्या प्रमाणपत्रामुळे सहा गुण जादा मिळाले होते; ते प्रमाणपत्र खरे असल्याची खातरजमा पंधरा दिवसांत कळवावी. उमेदवार म्हणजे भाची. शिडीने पत्राची नोंद केली, ते खणात ठेवले आणि खण लावून घेतला. तिने कुणाला फोन केला नाही, निरोप धाडला नाही. गरजवंताला पाय असतात, एवढा तिचा अनुभव होता.

चौथ्या दिवशी सर स्वतः आले.

"काय शिडीबाई, ओळख आहे ना?"

"तुम्हाला कशी विसरेन, सर? रोज सकाळ-संध्याकाळ तुमची आठवण काढते."

"वा! विद्यार्थी असावेत तर असे." ते खुर्ची ओढून बसले. "आमच्या भाचीचं पत्र आलंय म्हणे."

"आलंय."

"मग अडलंय कुठे?"

"काय सांगू, सर. ती हजेरी बघितली की माझं पोट दुखतं. आणि पोट दुखायला लागलं की हात चालत नाही."

सर मोठ्याने हसले, मग दाराकडे बघून हळू हसले. "अगं, इतकी वर्षं झाली. अजून धरूनच बसलीस? हे बघ, भाचीचं काम अडवू नकोस. तुझं नाव नजरचुकीनं राहिलं होतं, असं मी लिहून दिलं तर?"

"तर पोट थांबेल, सर."

"आणि पत्राचं उत्तर जाईल?"

"त्याच दिवशी जाईल. अगदी नियमाप्रमाणे."

'नियमाप्रमाणे' हा शब्द सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता. त्यामुळे तो ऐकण्याची सवय त्यांना नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढले आणि रेखीव अक्षरात लिहिले की सदर छात्रा संपूर्ण शिबिरास उपस्थित होती व तिचे नाव अनवधानाने यादीत यायचे राहिले. एवढ्यावर थांबते तरी त्यांना पुढे निसटायला फट राहिली असती. पण धूर्त माणूस नको तितका सावध असतो. भाचीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपण होऊन आणखी एक ओळ जोडली: 'यादीतील इतर सर्व चोवीस नावे अचूक आहेत.' सही केली, तारीख घातली आणि पुन्हा एकदा वाचून पाहिले.

"झालं समाधान?"

"निम्मं झालं, सर," शिडी म्हणाली आणि कागदावरची शाई वाळेपर्यंत बोट न लावता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने कार्यालयाचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांच्या टेबलावर चार कागद ओळीने मांडले. सरांना बोलावणे आधीच गेले होते; आपल्या मानद बढतीसंबंधी काही असेल अशा समजुतीने ते कडक इस्त्रीचा गणवेश चढवून आले होते.

"हा शिबिराचा मंजुरी आदेश, साहेब. चोवीस छात्रांना मंजुरी, आणि चोवीसच पोचल्याचा हा छावणीच्या फाटकावरचा दाखला. ही हजेरी, चोवीस नावांची. आणि हे काल सरांनी स्वहस्ते दिलेलं विधान. यानुसार पंचवीस जण हजर होते."

साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "सर, फाटकातून चोवीस आत गेले. पंचविसावं कोण? भिंतीवरून आलं?"

"तसं नाही साहेब, एखादी राखीव मुलगी..."

"राखीवही चोवीसातच धरतात. म्हणजे यातलं एक नाव खोटं. कुठलं?"

शिडीने तीन नोंदणी अर्ज पुढे सरकवले. "कवायतीत उंचांनी उजवीकडे, बुटक्यांनी डावीकडे उभं राहायचं असतं, साहेब. हजेरी त्याच क्रमानं उतरवली आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीची उंची एकशे बहात्तर सेंटिमीटर. तिसरीची एकशे सत्तर. आणि पहिल्या क्रमांकावर जिचं नाव आहे तिची, तिच्याच अर्जानुसार, एकशे एक्कावन्न."

साहेबांना हसू आवरेना. "काय हो, तुमची भाची स्टुलावर उभी होती काय?"

मग त्यांचे हसू गेले, आणि त्यांनी लेखणी उचलली. भाचीचे प्रमाणपत्र रद्द, सरांच्या बढतीची शिफारस मागे, चौकशी सुरू. आदेश निघाल्यावर सर शिडीकडे वळले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"तुझं नाव मी स्वतः घातलं होतं गं. घेतलं असतंस तर दोघींचं भलं झालं असतं!"

"नऊ वर्षांपूर्वी घातलं असतंत, सर, तर तिघांचं झालं असतं."

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तुमची शिबिराची हजेरी आता लागेल. पण परीक्षेला बसायचं तुमचं वय उलटलं. प्रमाणपत्र काही मिळणार नाही. ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं, साहेब."

"मग यातून तुम्हाला काय मिळालं?"

साहेबांना उत्तर नको होते. त्यांनी पुढची फाईल ओढली.

मूळ प्रमाणपत्र जमा करायला भाची आठवड्याने खिडकीशी आली. तिची मान खिडकीच्या चौकटीच्या वर जेमतेम येत होती. जवळ उभी राहिल्यावर दिसले की तिचे डोळे सुजलेले आहेत. प्लास्टिकच्या पिशवीतला तो कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"ताई, परीक्षा मी खरीच दिली होती. पास पण झाले होते. ते तरी लिहा ना कुठेतरी."

"नियमात तसा रकाना नाही."

"मी सतरा वर्षांची होते, ताई. मामा म्हणाले, इथे सही कर. मी केली. मला काय कळत होतं तेव्हा?"

शिडीने खिडकीतून हात बाहेर काढला. तो लांब होता.

"मी अठराची होते," ती म्हणाली. "मला तर सही करायलाही कुणी बोलावलं नाही. दे तो कागद."