पांढरी प्लेट

"आपा, चार नंबरची प्लेट कुठंय?"

संशोधन करणाऱ्या श्रेयानं विचारलं आणि मेहरुन्निसाच्या हातातला ब्रश बाटलीतच थांबला.

"ती व्हय? काळी झालीच नाय. कच्ची राहिली म्हून सकाळीच कुकरला लावली."

श्रेया स्टुलावर मटकन बसली.

डेंटल कॉलेजच्या या प्रयोगशाळेत मेहरुन्निसा एकवीस वर्षं जंतू वाढवत होती. हिरडी सडवणारा हा जंतू महानखरेल! हवा लागली की मरतो; रक्त घातलेल्या प्लेटवर, बंद डब्यात आठवडाभर ठेवला की काळाकुट्ट उगवतो. काळा नाही झाला तर काम फसलं. उचलली प्लेट, लावली जंतू मारायच्या कुकरला. शिवाय हा वाण तिच्याच तोंडातला. यानंच तिच्या वरच्या सगळ्या दातांचं वाटोळं केलं होतं. शेवटची दाढ काढताना तीच म्हणाली होती, "ह्याला ठिवा. दुश्मन दिसतो कसा, बघू तरी."

"आपा, पांढरीच हवी होती हो!" श्रेयाला रडू फुटलं. "या जंतूत एक जनुक असतं, मुकादमासारखं. त्यानं हुकूम दिला की बाकीची जनुकं हिरडी कुरतडायची हत्यारं काढतात. त्याच हत्यारांनी तो रक्त खातो आणि काळा होतो. मी मुकादमच बंद केला. दीड वर्ष लागलं. आता फ्रीजरमधे त्या जंतूची एकच नळी उरलीय, आणि पंधरा दिवसांनी परीक्षक येतायत."

मेहरुन्निसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला.

"मला कुनी सांगितलं का नाय मग?" ती म्हणाली. पण लगेच ओढणी खोचून उठली. "रडू नको बेटा. चूक माझी, तर हात बी माझेच. काढ ती नळी."

खुलताबादच्या ओळखीच्या मेंढपाळाकडून तिनं मेंढीचं ताजं रक्त मिळवलं. नव्या प्लेटा ओतल्या. रविवारीसुद्धा येऊन डब्यात हवा शिरली नाही ना, ते पाहून गेली.

आठव्या दिवशी डबा उघडला. जुन्या जंतूची प्लेट काळी. शेजारची पांढरी.

"मेला तर नाय ना?" तिनं प्लेट श्रेयापुढे सरकवली.

श्रेयानं तपासलं. "जिवंत आहे, आपा! चांगला वाढलाय. फक्त चावता येत नाही त्याला."

"म्हंजी त्येचे बी दात गेले म्हना की!"

मेहरुन्निसा हसली, दात गेलेलं तोंड नेहमीसारखं ओढणीनं न झाकता. मग तिनं मार्कर घेतला आणि झाकणावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : 'पांढरी बरोबर आहे. टाकू नये.' खाली, एकवीस वर्षांत पहिल्यांदाच, स्वतःचं नाव.