डाव्या हाताचा हुंदका

गांग्सा, म्हणजे बालीतलं कांशाच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवायला दोघी लागतात. एकीचे सूर जिथे थांबतात त्या फटीत दुसरीने आपले घुसवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, एकच बाई चार हातांनी वाजवतेय! उजव्या हाताने कांशाच्या पट्टीवर हातोडी मारायची आणि पुढची वाजते न वाजते तोच डाव्याने मागची चिमटीत धरून गप्प करायची. नाहीतर नुसता भांड्यांचा गोंधळ.

सुक्रेनी आणि रस्मिनी पाचवीपासून जोडीदार. यंदा गालुंगान सणाच्या सुट्टीत दोघींनी एक भन्नाट खोडी शोधली होती. पट्टी लगेच धरायचीच नाही. आधी बोटाची कड नुसती टेकवायची, मग दाबायची. दोघींनी एकाच क्षणी केलं की कांशातून चक्क हुंदका निघायचा! आता स्पर्धा आपलीच, असं सुक्रेनी धरूनच चालली होती.

स्पर्धेत दोन्ही संघ एकाच मंचावर समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने वाजवतात. आधी वरच्या आळीच्या मुली. त्यांच्या वादनाच्या ऐन मध्यावर हुंदका आला. टाळ्यांचा पाऊस पडला.

"अगं, आपलं चोरलं!" सुक्रेनी रस्मिनीच्या कानात किंचाळली.

रस्मिनी केसातला चाफा सारखा करत होती. "बघून शिकल्या असतील."

"कुठून बघतील? तुमच्या भाताच्या कोठारामागे बसायचो आपण!"

आणि हे बघून येतच नाही. समोर जोडीदार बसवून, बोटाला बोट जुळवूनच येतं. म्हणजे सुक्रेनीच्या जागी कुणीतरी बसलं होतं.

"तू शिकवलंस."

"हळू बोल ना! बाबांनी वरच्या आळीत घर घेतलंय. नव्या संघात रिकाम्या हाताने जाऊ?"

"मला कधी सांगणार होतीस?"

"स्पर्धा झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर तुझं वाजवणं बिघडलं असतं, वेडे."

तेवढ्यात गुरुजींनी, पाक लेमोतांनी, ढोलावर थाप मारली. हात आपोआप धावू लागले. हुंदक्याची जागा आली. रस्मिनीने बोटाची कड टेकवली. सुक्रेनीने मात्र आपली पट्टी चिमटीत करकचून धरली.

अर्धाच हुंदका निघाला, उचकीसारखा. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पाक लेमोतांची मान झटकन वळली.

"काय करतेयस?" रस्मिनी ओठांतल्या ओठांत म्हणाली. "आपण हरू!"

सगळी आळी हरणार, हे सुक्रेनीला कळत होतं. पुढचा हुंदका आला. तिने ठरवलं, या वेळी नीट करायचं. पण बोटांनी पुन्हा पट्टी करकचून आवळली.