भिंतीपासून किती लांब

पाणीखात्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. एरवी तो लोकेशनराव. जमिनीखालचे व्हॉल्व्ह शोधायचे, त्यांचे फोटो काढून नकाशावर चढवायचे, हे त्याचं काम. रस्ता एकदा नव्याने झाला की खालचा व्हॉल्व्ह ब्रह्मदेवाच्या बापालाही सापडत नाही. त्यामुळे लोकेशन न लागलेला फोटो कोणी पाठवला की हा पठ्ठ्या तो परत धाडायचा. "फोटो झकास आहे. घरी फ्रेम करून लाव, आणि जाऊन दुसरा काढून आण." एकदा साहेबांनी नातवाचा फोटो पाठवला, तर यानं सवयीनं "लोकेशन?" असं विचारलं. सगळं खातं दिवसभर हसत होतं.

अशा माणसानं एकच फोटो लोकेशन बंद करून काढला होता.

त्याची मुलगी जन्मली ती श्वास न घेताच. बायको दवाखान्यात पडून होती, उठून बसायचंही त्राण तिच्यात नव्हतं. परिचारिकेनं कापडात गुंडाळलेली पोर त्याच्या हातात दिली, तेव्हा बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "मला दाखवू नका," ती म्हणाली. "कुठे ठेवलीत तेही सांगू नका. कधीच."

शहराबाहेरच्या दफनभूमीत मागच्या भिंतीलगत लहान मुलांना पुरत. माती सारखी करून झाल्यावर त्यानं सवयीनं फोन काढला आणि तो थबकला. त्याच्या फोनमधले फोटो घरच्या टॅबवर आपोआप जात, नकाशावर त्यांचे ठिपके उमटत, आणि आपण कुठेकुठे हिंडलो ते बघत बसायचा बायकोला भारी नाद. एखाद दिवशी तिच्या बोटाखाली नेमका हाच ठिपका आला तर? त्यानं लोकेशन बंद केलं, एक फोटो काढला आणि तिच्या नजरेला पडणार नाही असा लपवून ठेवला. जागा काय, आपल्याला पाठच राहील असं त्याला वाटलं. रोज जमिनीखालचं शोधणारा माणूस स्वतःची लेक थोडाच विसरणार होता?

दोन पावसाळे गेले. एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "मला तिच्याकडे न्या." त्याला तर बरंच वाटलं. इतके दिवस दोघं एकाच घरात आपापलं रडत होते.

दफनभूमीत पाऊल टाकलं आणि तो फाटकातच थांबला. सगळीकडे नवी माती पसरून जमीन सपाट केली होती. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नवा रंग. राखणदार म्हणाला, "खड्डे पडले होते हो, बुजवले. लहानग्यांना कुठे दगड असतात? ज्याची त्याला आठवण."

फोटोत ओली माती होती, भिंतीचा एक तुकडा होता आणि त्याच्याच चपलेचं टोक. फोन हातात धरून तो भिंतीच्या कडेनं चालू लागला. भिंतीपासून किती लांब? फाटकातून डावीकडे वळलो होतो की सरळ आलो होतो? काही म्हणता काही आठवेना. पोर किती हलकी होती, तेवढंच हाताला आठवत होतं.

बायको मागून येत होती. नवऱ्याचं पाऊल दुःखानं उचलत नाही, असंच तिला वाटत होतं. मधेच ती थांबली.

"इथेच ना? माझा पायच पुढे पडेना, तेव्हाच कळलं मला."

आता तरी खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. सगळ्या शहराच्या लोखंडाला त्यानं पत्ता दिला होता आणि पोटच्या पोरीला मात्र बेपत्ता केलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याची जीभ रेटेना.

"हो," तो म्हणाला. "इथेच."

ती खाली बसली. मातीवर तळवा ठेवून मोठ्यानं रडली. "तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही गं मी," असं त्या मातीला पुन्हापुन्हा सांगत राहिली. तो बाजूला उभा होता. त्या मातीखाली दुसऱ्या कोणाचं लेकरू होतं की कोणीच नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं डोळे पुसले, आपला फोन काढला आणि त्या जागेचा फोटो घेतला. मग फोन त्याच्यापुढे धरला.

"अहो, यात लोकेशन येतंय का बघा. कधी मला एकटीला यावंसं वाटलं तर?"

लोकेशन बंदच होतं. त्यानं ते चालू केलं. पडद्यावरचं वर्तुळ आक्रसत आक्रसत अचूक जागेवर येईपर्यंत तो थांबला, आणि मग त्यानं नव्यानं फोटो काढला.

"आलं का नीट?"

"आलं."

"मग आता नाही हरवायची आपली पोर," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून उठली.